सहावा कान

४ नोव्हेंबर, आंबी
पोचले एकदाची! नवी नोकरी, नवं गाव. खोली कारखान्याला लागूनच, चिमामावशींच्या घरात. आल्या आल्या त्यांनी वाफाळता इंद्रायणी भात वाढला. आमचं यंत्र दरडीखाली अडकलेल्या माणसांची चाहूल घेतं. जमिनीत रोवायचे पाच सेन्सर. इथे त्यांना कानच म्हणतात. मजा येणार!

७ नोव्हेंबर
यंत्राला कान सापडत नव्हते, तो बिघाड सापडला. यंत्र सुरू होताना त्यातली लिनक्स प्रणाली प्रत्येक कानासाठी एक डिव्हाइस फाइल बनवते. ती उघडली की त्या कानातलं ऐकू येतं. आमची स्क्रिप्ट फाइली तयार व्हायच्या आधीच त्या शोधत होती. क्रम बदलला, पाचही आल्या. सांगायला कोणी नव्हतं. कैलास, माझा एकुलता एक सहकारी, लोणावळ्याला घरी गेलेला. आईला फोन केला. ती घाईत होती.

१० नोव्हेंबर
आज सहा फाइली. कैलास फोनवर म्हणाला, फाइली बनवणारा जुना एखादा नियम यंत्रात राहिला असेल. सगळे नियम काढले. शेवटी पाचही कान उपटून ठेवले आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पाच फाइली गेल्या. सहावी आहेच.

११ नोव्हेंबर
सहावी फाइल उघडली. हेडफोनमध्ये ठकठक. मी गंमत म्हणून फरशीवर बोटाने वाजवलं. उत्तर आलं! हसूच फुटलं मला. इथे आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी — दिवसभर तेच करत बसले.

१३ नोव्हेंबर
मावशींना ठकठकीचं सांगितलं. त्या तशाच कारखान्यात आल्या. कारखान्याच्या जागी त्यांची विहीर होती म्हणे. गाळ काढताना कडा ढासळली, नवरा आतच राहिला. त्यांनी हेडफोन लावला, फरशीला तोंड टेकून हाका मारल्या. रडत होत्या, हसत होत्या. मग एकदम हेडफोन ओढून काढला.
“ह्ये आमचं मानूस न्हाई. माज्याच आवाजात मलाच हाका मारतंय. तू ओ तर दिली न्हाईस न्हवं, पोरी?”
मी नाही म्हटलं. बोटाने वाजवलं होतं, ते सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर
यंत्राची वायर काढली. ठकठक चालूच. हेडफोनमधून नाही. फरशीतून.

१५ नोव्हेंबर
आता ठकठक माझ्या खोलीखाली. तिथून माझाच आवाज — आईशी बोलतानाचा — कैलास उद्या गाडी घेऊन येतोय. उद्या.

१६ नोव्हेंबर, सकाळ
सामान बांधलं. दाराबाहेर मावशी. भायेर ये पोरी, चल, म्हणतायत. जिवात जीव आला. कडी काढायला उठले, सहज खिडकीतून पाहिलं —
मावशी तिकडे लांब, खाचरात. भाताचे भारे बांधतायत.
दाराबाहेरून अजून हाक — आता आईच्या आवाजात — मी ओ दिलेली नाही, तोंड दाबून धरलंय, तरी कडी आपोआप —