कोरड्या नळाची बातमी

प्रिय नागसेन,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहावं लागतं म्हणून लिहिलंय, त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस. परवा दुपारी तुझा फोन आला. दोन महिन्यांनी. मला वाटलं, घरचं काही विचारशील. तर म्हणालास, संघप्रिया, तुझ्या प्रेसनोट लय छान असतात, एक अक्षर बदलावं लागत नाही, तशाच्या तशा पेपरात लावतो आमी. आणि हसलास. मी 'हो का' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय. फोनवर मला भांडता येत नाही, रडू येतं, आणि तुला आता माझं रडणं ऐकवायचं नाही. म्हणून हे पत्र.

नगरपरिषदेत जनसंपर्क सहायक काय करते ते एकदा ऐकच. कार्यक्रम बुधवारी असला की प्रेसनोट मंगळवारी लिहायची, कार्यक्रम झाला म्हणून. 'उत्साहात पार पडला', 'मान्यवर उपस्थित होते', 'नागरिकांनी समाधान व्यक्त केले'. लोकांचं समाधान मी आदल्या दिवशीच व्यक्त करून ठेवते. फोटोही आधीच काढायचा, कारण ऐन वेळी उन्हात चेहरे नीट येत नाहीत आणि साहेब चिडतात. छापून आलं की कात्रण तारीख टाकून फायलीत चिकटवायचं. नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांची, तेव्हा तोंड उघडायचं ते हार कुठं ठेवलेत एवढं सांगण्यापुरतं.

मार्चमध्ये आपल्या वस्तीत नळ आले. मी आपली म्हणते, तुझी ती राहिली आहे का ते तू ठरव. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फोटोसाठी नळाच्या मागून टँकरचा पाइप लावला. कुणी बाई पुढं येईना, म्हणून मी माझ्या आईला उभं केलं. चांगलं लुगडं नेसून, घागर घेऊन. तिनं हळूच विचारलं, हे टँकरचंच पाणी हाय ना ग? मी म्हटलं, उद्या खरं येणार हाय, आज तू नुसतं हस. ती हसली. लेकीच्या नोकरीसाठी हसली.

बुधवारी फीत कापली, पेढे वाटले, नळ फिरवला, आणि नळातनं फुस्स करून वारा आला. टाकीवरची मोटर बसवायचीच राहिली होती. मंडळी 'दोन दिवसांत सुरू होईल' म्हणत गाडीत बसली. मी संध्याकाळी पाचला तुला फोन केला. आठवतंय का? सांगितलं, पाणी आलेलं नाही, ती बातमी काढ. तू म्हणालास, पेपरचं पान लागलंय, आता कुठं हलवायला लावतेस, उद्या येईलच की पाणी. एवढं बोलून तू चहाला गेलास, मागं कुणीतरी तुला हाका मारत होतं. मला तुझा इतका राग येतो तो त्या 'येईलच की'चा. मीही पुढं गप्प बसले, ते लपवत नाही. गुरुवारी माझी नोट जशीच्या तशी छापून आली, आईच्या फोटोसकट. ते कात्रण मीच माझ्या हातानं चिकटवलं.

पाणी आजपर्यंत आलेलं नाही. पण पाणीपुरवठ्याचा लिपिक चंद्रभान यानं त्याच कात्रणाची झेरॉक्स जोडून टिपण ठेवलं की सदर वस्तीत नळाने पाणी सुरू झाल्याचे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आहे, सबब टँकर बंद करण्यात यावा. टँकर बंद झाला. बाया अर्ज घेऊन आल्या तर त्यांना माझ्या आईचा फोटो दाखवला, पेपरात आलंय म्हणाले. आता वस्तीत आईशी कुणी धड बोलत नाही. विहारात वंदनेला ती मागं एकटी बसते. मला मात्र एका शब्दानं दोष देत नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

आणि हे तू करावंस? देवगाव फाट्यावर जीप बदलून आपण चारठाण्याला जुनी देवळं बघायला गेलो होतो, तेव्हा तू नवानवा वार्ताहर होतास. देवळाच्या खांबांचा कुणीतरी सांगितलेला आकडा मी वहीत लिहायला लागले, तर तू माझ्या हातातनं पेन काढून घेतलास. म्हणालास, कुणी सांगितलं म्हणून लिहायचं नसतं, आपण मोजायचं. भर उन्हात दोनदा मोजायला लावलंस. त्या दिवशी मी तुझ्यात जीव गुंतवला, येडी कुठली. आज तुझ्याच वस्तीतला एक नळ फिरवून बघायला तुला परभणीहून यायला जमत नाही. लाज वाटू दे थोडी.

आता जे सांगते ते न सांगण्याची मला शपथ घातलेली आहे. ती मी मोडते. तुझी आई, धुरपताबाई, मागच्या सोमवारी जिनिंग मिलच्या मागच्या विहिरीवर घागरीसकट घसरली. उजवं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. तू फोन करतोस तेव्हा ती डाव्या हातानं मोबाइल धरून बरी हाय म्हणते. तिचं पाणी सध्या माझी आई भरते. दोघींचं बोलणं नाही. आई घागर उंबऱ्याशी ठेवते आणि परत फिरते.

सोबत एक कागद आहे. उद्घाटनाची बातमी मी आदल्या दिवशी लिहिली होती, फोटोतलं पाणी टँकरचं होतं, नळाला अजून थेंब आलेला नाही, वस्तीचा टँकर आजच्या आज सुरू करावा, एवढंच त्यात आहे. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. हे छापून आलं की त्याच दिवशी माझी नोकरी जाईल. आईला तसं सांगून ठेवलंय, ती 'बरं' म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या पानात स्वतः भाकरी वाढली. घडून गेल्यावर लिहिलेली माझी ही पहिलीच प्रेसनोट आहे. माझ्या नोटमधलं एक अक्षर बदलावं लागत नाही म्हणालास ना, मग हिच्यातलंही बदलू नकोस.

एके काळची तुझीच,
संघप्रिया