पाटीतला पहिला बोंबील

उमरोळी, ता. पालघर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींना भगवंताचा साष्टांग नमस्कार, आणि अक्काला तिच्या दोन्ही गुडघ्यांसकट तितकाच.

तुमचा खोकला, म्हशीचं दूध आणि बोअरचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, भगवंता, पुढचे दोन दात बसवलेस का? दोन्ही वेळा मी ‘रेंज नाही’ म्हणून फोन ठेवला. रेंज होती, दात नव्हते. दातांसाठी ठेवलेले पैसे कुठे गेले हे फोनवर सांगताना मी मधेच रडलो असतो आणि तुम्ही ते अख्ख्या आटपाडीला सांगितलं असतंत, म्हणून हे पत्र.

दाजी, आमचा सुपरवायझर गेला. (बोईसरच्या कारखान्यातला नव्हे, तो ठणठणीत आहे. आमचा कुत्रा.) दिवसभर गल्लीत फिरायचं, जो काम करत असेल त्याच्याजवळ उभं राहायचं आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. नऊ वर्षं तो आमच्याकडे वरण-भात आणि तूप लावलेली चपाती जेवला. अंड्याचं टरफलसुद्धा हिने त्याला दिसू दिलं नाही. गेल्या दिवाळीत तुम्हीच त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणालात, ‘माळकऱ्यांच्या नात्यातलं जनावर, वासावरून कळतं.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

श्रावणात त्याने अन्न सोडलं. पालघरच्या डॉक्टर प्रियंका (वयाने आपल्या प्रतीक्षाएवढ्या, पण हाताला देव आहे) यांनी रक्त तपासलं आणि मूत्रपिंडं दमली आहेत म्हणाल्या. त्या तपासणीचा आकडा ऐकून मी बसल्या जागी पहिला दात सोडला. सलाईनचा ऐकून दुसरा. पण खरी पंचाईत गोळीची. पेढ्यात घालून दिली, तर पठ्ठ्याने पेढा खाल्ला आणि गोळी माझ्या चपलेत नेऊन ठेवली.

पाचव्या दिवशी दारात साखरबाई उभी. ही किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मासळीवाली. रोज सकाळी रिक्षातून येते आणि गल्लीच्या तोंडाशी जांभळीखाली पाटी उतरवते. आम्ही नऊ वर्षांत तिच्याकडून शेपटीही घेतलेली नाही, तेव्हा ही आमच्या दारात कशाला? ती हिला म्हणाली, “वैनी, पाटी उतरली का पयला मासा मुक्या जीवाला, मंग भवानी. माज्या सासूनं घालून दिलंय. तुमचा सुपरवायझर नऊ वर्सं माजा पयला बोंबील खातो. आज चार दिस जाले, आला नाय. आजारी हाय का?”

नऊ वर्षं, दाजी! तो तुपाची चपाती खाऊन ढेकर देत होता ती निव्वळ आमची समजूत राखायला. मी हिच्या तोंडाकडे बघायची हिंमत केली नाही. आता पाटीसकट साखरबाईचा उद्धार होणार, असं धरून चाललो होतो. ही एवढंच म्हणाली, “किती वेळ उकडायचा असतो?”

बायको म्हणून मी हिला तीस वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला. हिने परसात तीन दगडांची चूल मांडली. पहिल्या दिवशी नाकाला पदर आणि हातात चिमटा, तिसऱ्या दिवशी दोन्ही नाही. बोंबलाच्या जबड्यात गोळी, बोंबील सुपरवायझरच्या जबड्यात, आणि त्याचं डोकं तुमच्या मेव्हण्याच्या मांडीवर. डॉक्टरांना विचारलं, मासा चालेल का? त्या म्हणाल्या, “आता आवडेल ते खाऊ दे.” त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला आणि दोघांनीही न कळल्यासारखं केलं. फेऱ्यांचा खर्च वाचावा म्हणून त्यांनी हिला घरीच सलाईन लावायला शिकवलं. सुईत दोरा ओवायला मला हाक मारणारी ही बाई, कपड्यांच्या दोरीला बाटली टांगून त्याच्या कातडीखाली सुई घालायची, आणि हात हलायचा नाही. हलायचो तो मी.

साखरबाई दोन महिने रोज दारात आली. पैसे पुढे केले तर रागावली, “मुक्या जीवाच्या तोंडचा पैसा आमी घेत नाय.” शेवटच्या सकाळी त्याने अर्धा बोंबील खाल्ला, शेपूट एकदा आपटली आणि गेला. साखरबाईने पाटीवर ओलं गोणपाट टाकलं. त्या दिवशी तिने एक मासा विकला नाही. आम्हाला रिक्षात घालून मुरब्याला नेलं, किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जागा दाखवली, आणि उरलेला अर्धा बोंबील त्याच्याजवळ ठेवला. ती रडली, मी रडलो. ही रडली ती घरी आल्यावर, परसातले तीन दगड बघून.

तेव्हा दाजी, आमचं ठरलं आहे. या घरात पुन्हा कुत्रा नाही. हे दुःख सोसायचं वय आता राहिलं नाही आणि सोडायला दातही राहिले नाहीत.

लहानथोरांना यथायोग्य.

तुमचा मेव्हणा,
भगवंत

ता. क. : बोंबलाचं तुमच्या आईंच्या कानावर घालू नका. तुमच्या हाताला त्या दिवाळीपासून काही वास येत असेल, तर तो तसाच सोसा.

ता. क. : प्रतीक्षाच्या लग्नाला नक्की येतो. फोटोवाल्याला सांगून ठेवा, मामाला हसवू नये.

ता. क. : खरं तर पत्र या ओळींसाठीच लिहिलं. साखरबाई सवयीने अजून आमच्या पायरीशी थांबते. पाटी उतरवते, पहिला बोंबील उचलते, आणि हात तसाच राहतो. मग बोंबील परत पाटीत ठेवते. ही खिडकीच्या आत उभी असते. मला तो हात बघवत नाही, दाजी. तुमच्या काळी कुत्रीला पिल्लं झाली असं अक्का म्हणाली. लग्नाला येईन तेव्हा एक घेऊन जाईन. रंगरूप कसंही चालेल. फक्त वरण-भात पुढे केल्यावर तोंड फिरवणारं बघून ठेवा.