गच्चीवरचा काळा कागद

३ मे
चूक सापडली – आणि ती माझीच!

सात महिने रोज आठला मी हवामान केंद्राच्या गच्चीवरच्या पंपातला कागद बदलतो. पंप दिवसभर हवा ओढतो, हवेतले कण कागदावर बसतात, मॅडम ते मोजतात. कागद स्वच्छ जागी बदलावा म्हणून त्याआधी मी गच्ची झाडतो. पंप चालू असताना! आज पंपाच्या तोंडाशी झाडूची काडी दिसली. म्हणजे मॅडम सात महिने माझा केर मोजत आहेत. दहावी नापासाला कामावर ठेवले, त्याचे हे फळ.

४ मे
सांगितले नाही.

५ मे
बाबा – "काय हवामान खातं, तोंडावर मळभ का?" ते डबा घेऊन त्यांच्या क्रेनवर गेले.

६ मे
सांगितले! मॅडमनी चष्मा काढला आणि हसतच सुटल्या. "अरे, झाडूची धूळ जाड. ती पंपाच्या वरच्या वाटीतच अडकते. वाटी रोज कोण धुतं?"

"मीच."

"मग? कागदावर पोचतो तो धूर. आपल्याला तोच हवाय."

जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी फळ्यावर ढग काढला. बारीक कण फार झाले की पाणी वाटले जाते, थेंब इवलेसेच राहतात, लवकर पडत नाहीत. ढग चढत जातो, वर गोठतो, मग विजा. "दर वेळी होतंच असं नाही हं. म्हणून तर मोजतोय." माझी नोंदवही उघडली. काळ्या कागदाचे अकरा दिवस, त्यात आठदा दुपारी उशिरा वादळ. "तुझ्या नोंदींवर मी विसंबते."

माझ्या!

७ मे
पंप बंद करून झाडले. बाबांना सगळे सांगितले. "म्हणजे तू ढगांचा केर काढतोस!"

१२ मे
टेकड्यांपलीकडे तीन दिवस रान जळते आहे. कागद कोळशासारखा. दोनपर्यंत ढग नुसते चढत होते. मॅडम रजेवर. विचारू कुणाला? वही पाहिली आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, खाली उतरा."

"अरे, इथे टिपूस नाही!"

"म्हणूनच."

मग – "बरं साहेब, उतरतो."

१३ मे
काल वीज क्रेनवरच पडली. बाबा तेव्हा खाली चहा पीत होते.

आज डबा उचलून दारात थांबले. "कागद काढलास की आधी मला फोन कर." चेष्टा नव्हती.