परिच्छेद कायले आला

१२ जुलै
दहापैकी चार. काल पाच होते. शब्द अडत नाहीत, उतारा समजतो, तरी खाली 'दुसऱ्या परिच्छेदाचे कार्य कोणते?' असं आलं की मी तिथंच उभी. परिच्छेदाला कसलं कार्य? कार्य लग्नघरी असतं.
परीक्षा १० ऑगस्टला. शाळा सुटलेल्यांसाठीची. पास झाले तर मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घालता येतं. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर, मग ह्यांनी पेपर लावला त्यावर. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पेपर अजून त्यांच्याच नावानं येतो. बदलला नाही.

१५ जुलै
आज उतारा धानाचा. खूश झाले, हे तर आपलंच. दुसऱ्या परिच्छेदात (प.) लिहिलेलं, काही शेतकऱ्यांच्या मते एकेक रोप चिखलात लावायच्या रोवणीपेक्षा धान फेकून पेरलेलं बरं, मजूर कमी लागतात. मी रागानं 'यांपैकी नाही' वर खूण केली आणि बाजूला लिहिलं, मग तण निंदायला कोण येतं, तुझी मावशी?
सोनाली तपासताना हसून पाटावरून पडायची राहिली. "आई, तुमी उत्तर देऊन नाई राहिल्या, भांडून राहिल्या."
"खोटं लिहिलं त भांडू नाई?"
"लेखकालेबी माहीत हाय ना. पुढच्या परिच्छेदात तोच खोडते. मंग आधी आणलं कायले, ते विचारते पेपर."
आणलं कायले, कशासाठी. हे डोक्यात गेलं. वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. डी.एड. झालेली सून मिळाली, दिवसभर घर करून संध्याकाळी सासूला शिकवते. कुठलं पुण्य म्हणायचं.

१९ जुलै
आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणी. दहा बाया. माझी कंबर वाकत नाही म्हणून रोपांच्या पेंड्या पोचवायचं काम माझ्याकडं. दिवसभर एक रोप लावलं नाही. पण मधे पाणी प्यायला गेले तर सगळी ओळ रिकाम्या हातानं उभी, "ओ काकू, पेंडी आणा न!"
तेव्हा सुचलं. उताऱ्यात असा एक प. असतो, मुद्दा मांडत नाही, नुसती माहिती आणून टाकतो. मी त्याला बिनकामाचा समजत होते. घरी येऊन पाय धुवायच्या आधी जुना उतारा काढला. पहिला प. = पेंडी. बरोबर आलं.
अंग दुखतंय, मन हलकं.

२४ जुलै
सात!
शेजारच्या मोठ्या जाऊबाई, कमलबाई, वही पाहून म्हणाल्या, "का वं, आता कलेक्टर होऊन राहिली का? लोकं काय म्हणतीन?" त्यांचं नेहमीचं. कोणत्याही गोष्टीवर एक हरकत तयार.
आता समासात खुणा करते. हरकत घेणाऱ्या परिच्छेदापुढं 'क.' लिहिते. सोनालीनं विचारलं, क. म्हणजे काय? सांगितलं नाही. तिला कळलं. दोघी तोंडावर हात ठेवून...

२ ऑगस्ट
लिहू की नको.
भंडाऱ्याच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी हे तासभर बोलले. सगळं शेताचं. पूर्वेचा धुरा, म्हणजे बांध, कुठं फुटतो, फूट आधी आतून बुजवायची, पाण्याच्या पाळीसाठी कोणाला गाठायचं, बियाणं कोणत्या कोठीत. माझ्याविषयी अक्षर नाही. मी हो हो करत राहिले. आणि तीन वर्षं मनात धरून बसले, की बत्तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं बोलणं या माणसानं धुऱ्यावर घालवलं.
आज भांडी घासता घासता स्वतःलाच विचारलं, कायले बोलले?
मुलगा नागपूरला कामाला. शेत मीच करणार होते. दुसरं कोण?
असंच असेल का? याची उत्तरसूची कुठं मिळत नाही. पण पूर्वेचा धुरा यंदाही फुटला नाही. मी आतून बुजवते.
पुष्कळ रडले. सोनालीनं हातातली भांडी घेतली, चहा ठेवला.

१० ऑगस्ट
झाली परीक्षा. पवनीला.
आजच निंदणाच्या बाया सांगितलेल्या. सकाळी बघते तर कमलबाई काष्टा मारून धुऱ्यावर हजर. मी सांगितलं नव्हतं. "जा वं. फेल होऊन नको येजो, लोकं मले विचारतीन."
केंद्रावरची बाई म्हणाली, "आजी, नात कोणत्या खोलीत हाय?" हॉल तिकीट दाखवलं. लाजली बिचारी. माझी खुर्ची हलत होती, ती स्वतः बदलून दिली.
पहिला उतारा सरळ गेला. दुसरा तळ्याच्या गाळाचा. शेवटच्या प.चं कार्य: उपाय सुचवणे की पुढचा धोका दाखवणे? तीनदा वाचलं. धोक्याचा गोल काळा केला. बसमध्ये बसल्यावर उपाय वाटायला लागला. पेनाचा गोल, परत येत नाही.

२८ ऑगस्ट
निकाल आज लागणार होता. सोनाली सकाळपासून मोबाइलवर. शेवटी म्हणाली, पुढच्या हप्त्यात. मला आठवली ती उत्तरं तिनं मोजली आहेत. तळ्याचा गोल बरोबर असेल तर पास. चुकला तर एका मार्कानं राहिले.
राहिले तर पुन्हा बसेन. तिनं विचारलं नव्हतं, मीच सांगून टाकलं.
दुपारी कमलबाई आल्या. त्यांना वाचता येत नाही. "पेपरात नहराच्या पाण्याचं आलं म्हणते. वाच बरं." मी मोठ्यानं वाचायला लागले. दोन प. झाले तशा त्या वैतागल्या. "मंग पानी सोडते का नाई सोडत? सिधं सांग न वं!"
"थांबा बाई. अजून त्यानं सांगितलं नाई."
त्या भिंतीला टेकून बसल्या.