पालखीची कॅसेट

अण्णा, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. उद्या सकाळी पट्टी निघणार, आणि मला भीती वाटते आहे. पट्टी निघाली की आधी टीव्हीवर तुम्हाला बघायचं, असं तिने ठरवून टाकलंय.

मांडवीत तुमची केबल होती तेव्हा रविवारी तुम्ही लावाल तोच सिनेमा सगळी आळी बघायची. शिमग्यात पालखीचं शूटिंगही तुम्हीच करायचात आणि परत निघालेले मुंबईकर त्याच्या कॅसेटी पिशवीत घालून न्यायचे. अजून डोळ्यांपुढे येतं, तुम्ही दोन व्हीसीआर जोडून बसलाय, ढोलावर सिनेमातलं गाणं चढवताय. ढोलच राहू दे ना, मी म्हणते. तुम्ही वरही न बघता म्हणता, "नुसता ढोल कोण विकत घेतो? चाकरमान्याला गाणं लागतं. तू गप बस." एका वर्षी मात्र कॅमेरा माझ्या हातात देऊन तुम्ही पालखीला खांदा दिलात. हलतेबोलते तुम्ही त्या कॅसेटीत तेवढेच आहात, बाकी सगळे फोटो.

तुमच्यामागे कॅसेटींना बुरशी धरायला लागली. मी त्या कॉम्प्युटरवर भरून घेऊन इंटरनेटवर चढवल्या. तिथे आहेत तर घरात आणखी अडगळ कशाला, म्हणून दुसरी प्रत ठेवली नाही. गेल्या महिन्यात माझं तिथलं खातंच कंपनीने बंद केलं. तुम्ही चढवलेल्या गाण्यांच्या मालकांची तक्रार आली म्हणे. मी तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर. तुमच्या केबलवर चित्र गेलं तर लोक सरळ ओटीवर येऊन भांडायचे. मी कुणाच्या ओटीवर जाऊ?

आईला महिनाभर रेंज नाही म्हणून सांगतेय. काल ऑपरेशनला आत नेताना तिने माझा हात धरला. "उद्या-परवा रेंज नाही म्हणू नको हो. मला त्यांना एकदा नीट बघायचंय." तिला संशय आलाय की काय?

हे वहीतच राहणार. कंपनीने काढून टाकलं, असं मी तिला सांगेन, आणि ते खोटंही नाही. पण मग ती मूळ कॅसेटी मागेल. त्या मी घंटागाडीत टाकल्या, अण्णा. त्या वर्षीच्या पालखीच्या कॅसेटवर तुमच्या अक्षरात 'पुसू नये' असं लिहिलेलं होतं. टाकण्याआधी मी ते वाचलं होतं.