मोहाडीच्या घरची फरशी

९ जून २०२५, सोमवार

भूषण आणि टीनाच्या ऑफिसात आज सव्वा तास बसलो. भूषण आर्किटेक्ट, टीना इंटिरियर पाहते. नवरा-बायको, भंडाऱ्यात एकच ऑफिस. टाइल्सची पेटी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलेला माणूस त्यांना आता दिसतच नाही. सोफ्याचाच भाग झालोय मी! एकोणीस वर्षं हेच करतो आहे. कोणती टाइल कुठे टिकते, कुठे तडकते, पाणी कुठून मुरतं — कोणी विचारलं तर तासभर बोलेन. विचारत कोणी नाही. "मनिषजी, नवा कॅटलॉग आला का?" संपलं.

मोहाडीच्या एका घराचं काम आहे. मालक भय्याजी, खाणीत फोरमन होते. रिटायर झाले, चिखल्याचं खाणीचं क्वार्टर सोडलं, आता मोहाडीत बांधतायत. दोघंच राहणार, मूलबाळ नाही. बाथरूमसाठी मी खरबरीत टाइल काढून ठेवली. टीना म्हणाली, "नको, दवाखान्यासारखी दिसते. ती चकचकीत द्या, आइव्हरी." मी म्हणालो, "मॅडम, वय झालेली माणसं आहेत, ओल्यात पाय—"

"मनिषजी, तुम्ही सॅम्पल दाखवा. डिझाइन मी पाहते."

चकचकीत लिहून घेतली.

१० जून, मंगळवार

पेट्रोल पंपावर. "फुल्ल करू का?" — "हो." कामाखेरीज आज तोंडातून निघालेला एवढा एकच शब्द.

२२ जुलै, मंगळवार

मोहाडीच्या साइटवर गेलो होतो. मालक लोक मला "कंपनीवाला" म्हणतात. भय्याजींनी नाव विचारलं. मग गाव. मग म्हणाले, "घरी कोन कोन हाये?"

कोणी नाही म्हणालो. आई होती, तिला जाऊन दोन वर्षं झाली. लग्न राहूनच गेलं.

"मंग जेवता कुठी?"

डब्याचं सांगितलं. "असं कसं जी! आयतवारी आमच्याकडं येत जा. उपाशी मानूस फरशी काय इकनार!" आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

बाजूलाच भाड्यानं राहतात. हात धरून घेऊन गेले. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. त्यांच्या पत्नी, कौशल्याबाई, वाढत होत्या. काही बोलल्या नाहीत. पोट भरलं तरी मी भात घेत राहिलो. उठावंसंच वाटेना.

२४ ऑगस्ट, रविवार

पाचवा रविवार. भय्याजी खाणीतले किस्से सांगतात, मी "हो जी, हो जी" करतो. आज एका किश्श्याला इतका हसलो की पाणी नाकात गेलं. स्वतःचं हसणं ओळखीचं वाटलं नाही.

बाथरूमची फरशी बसली. मी कौशल्याबाईंना विचारलं, "घर आवडलं का?" त्यांनी भय्याजींकडे पाहिलं. "आवडलं म्हनते," भय्याजी म्हणाले.

सोमवारपासून रविवारची वाट पाहतो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस!

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

वास्तुपूजन झालं. इतक्या वर्षांत किती घरांना फरशी दिली, मोजता येणार नाही. पण माणसं राहायला लागल्यावर त्या घरात कधी पाय ठेवला नाही. आर्किटेक्टला शाल, मिस्त्रीला टॉवेल-टोपी. टाइलवाल्याला कोण बोलावतं? आज भय्याजींनी मला भूषण-टीनाच्या शेजारी पाटावर बसवलं, टिळा लावला. सगळ्यांसमोर म्हणाले, "हा आमचा घरचा मानूस!" वर पाहताच येईना मला.

हात धुवायला बाथरूममध्ये गेलो. कोणी तरी पाणी सांडलं होतं. फरशी आरशासारखी चमकत होती. पाय जपून टाकला. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

कोणाला बोललो नाही. आजच्या दिवशी कसं बोलणार?

५ नोव्हेंबर, बुधवार

तुमसरच्या रस्त्यावर होतो. भय्याजींचा फोन. "कौशल्या पडली जी. बाथरूममंदी. मांडीचं हाडुक मोडलं म्हनतेत."

नागपूरला नेत होते. गाडी कडेला लावली. दोन्हीकडे धानाची कापणी चाललेली. बायका वाकलेल्या, एक दोघी गाणं म्हणत होत्या. मी बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

माझी फरशी.

८ नोव्हेंबर, शनिवार

ऑपरेशन काल झालं. आत रॉड घातला आहे. मी आज नागपूरला गेलो. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये भय्याजी बाकावर एकटे बसले होते. तिथंच सांगून टाकलं. सगळं. मला जूनमध्येच माहीत होतं, दुसरी टाइल हातात होती, मॅडमनं गप्प केलं आणि मी झालो. तेव्हा बोललो असतो तर ही वेळ आली नसती.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोष, मनिष? तुमी मनावर नका घेऊ. मी माफ केलं तुमाले."

रडलो. नर्स बाजूनं जात होत्या, तरी रडलो. आई गेली तेव्हासुद्धा असा रडलो नव्हतो. काय माणूस आहे हा! बायको आत पडलेली, आणि हा मला सावरतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

टीनाच्या ऑफिसात गेलो. पेटी गाडीतच ठेवली. कौशल्याबाईंचं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. मग जरा चिडून म्हणाली, "पण तुम्ही तेव्हा नीट का नाही बोललात?"

"तुम्ही बोलू दिलं नाही," असं म्हणता आलं असतं. खरंही होतं. पण अर्धंच खरं. बोललो असतो तर हिनं पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं असतं, ही भीती होती. आणि माझी बोलायची सवयच गेली आहे. हे सगळं तिला म्हणालो. एवढं सलग ह्या ऑफिसात मी पहिल्यांदाच बोललो असेन.

ती खुर्ची ओढून समोर बसली. "चूक माझी आहे, मनिषजी. ती फरशी बदलू. टाइल तुम्ही निवडा. मी मध्ये बोलणार नाही."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि आनंद झाला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

कौशल्याबाई घरी आल्या आहेत. वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत जातात. भय्याजींनी स्वतः खिचडी केली. जेवल्यावर मी पलंगाजवळ गेलो, माफी मागितली. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

"तुमाले कायले वाईट वाटते?" एवढंच म्हणाल्या.

भय्याजी मागून म्हणाले, "जाऊ द्या जी. तिनं बी माफ केलं."

४ डिसेंबर, गुरुवार

आज धनीराम मिस्त्रीला घेऊन फरशी बदलायला गेलो. खरबरीत टाइलचे खोके ओसरीवर उतरवले. धनीरामनं छिन्नी लावली, पहिलाच घाव घातला, आणि आतल्या खोलीतून ओरडणं — "थांबवा! फोडू नका ते!"

कौशल्याबाई! ह्या बाईंचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धनीराम हातोडा धरून तसाच.

भय्याजी हसले. "दवाईनं डोस्कं फिरून गेलं हिचं. फोड रे तू." पुन्हा ओरडणं. मग ते हसले नाहीत. "राहू द्या आज," म्हणाले आणि धनीरामला सोडायला फाटकापर्यंत गेले.

मी कौशल्याबाईंना पाण्याचा ग्लास द्यायला आत गेलो. त्यांनी ग्लास घेतला नाही, माझी बाही धरली. घट्ट.

"मंगळवारी या. हे बाजारात जातेत, दोन घंटे येत नाहीत. हे घरी असतानी नको."

भय्याजींच्या चपला वाजल्या. बाही सुटली.

काय सांगायचं असेल? आणि ते नसतानाच का?

७ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नाही. भय्याजींचे तीन फोन — "गोळी घेतली का? मी येऊ का डबा घेऊन?" आवाजात किती काळजी! नको म्हणालो. डबा मागवला, उघडला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

"फरशी कोरडीच होती जी. मी घसरली नाही. ह्यायनंच ढकललं मले," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमटीत मीठ जास्त झालं म्हनून. चिखल्याले होतो तवापासून चालू हाये हे. आतापरेंत कोनं इचारलंच नाही, तं सांगू कोनाले?" मग म्हणाल्या, "कोंढ्याले माहा भाऊ हाये. मले तिथं सोडून देता का?"

गाडीतल्या टाइल्सच्या सगळ्या पेट्या काढून भय्याजींच्या ओसरीवर ठेवल्या. मागची सीट मोकळी झाली. तिच्यावर कौशल्याबाईंचा पाय लांब करून ठेवता आला. भंडाऱ्याच्या पुढे फोन वाजायला लागला. भय्याजी. कौशल्याबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

मी उचलला. म्हणालो, "त्या माझ्यासोबत आहेत. परत येणार नाहीत."