बाहेरचं

९ फेब्रु.
पवन आला. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनींना हा एकच. युगांडात बोअरच्या मशीनवर असतो. मलकापूर स्टेशनवर उतरवून घेतला. डोळे लाल. "विमानात झोपच नाही ना काका." पटलं. धामणगाव बढ्याच्या बसमध्ये बसवून दिला.

११ फेब्रु.
वहिनींचा फोन. "पवनले लय ताप हाये भाऊजी. आता नाकातून रक्त आलं." तिकडे इबोला असल्याची बातमी कालच आमच्या पेपरच्या पानात लावली होती. आवृत्तीची घाई, एवढंच बोललो : "हे बाहेरचं असू शकतं वहिनी. घरात ठेवू नका, हलवा."
"मलेबी तेच वाटलं."
हायसं वाटलं. पानं छपाईला सोडली. संध्याकाळी सरकारी दवाखान्यात विचारलं. पवन नावाचं कुणी आलंच नव्हतं.

१२ फेब्रु.
बाहेरचं म्हणजे त्या भूतबाधा समजल्या. भगताकडे नेलं. शेजारच्या बायांनी पवनला धरून ठेवलं, भगतानं अंगारा लावला, स्वतःच्या उपरण्यानं त्याचं नाक पुसलं.
"तुमीच तं म्हनले बाहेरचं हाये म्हनून!"
म्हणालो होतो.
पवन आता बुलढाण्याला सरकारी दवाखान्यात, वेगळ्या खोलीत. वहिनी आणि भगतही वेगवेगळे. बायांचा शोध चालू. रक्ताचा नमुना तपासायला पुण्याला. मी घरातच राहायचं. स्टेशनवर त्याचा हात धरला होता. गरम होता का? आठवत नाही.

१३ फेब्रु.
पवनला मलेरिया निघाला! म्हणजे सुटलो?
डॉक्टर : "एक निघाला म्हणून दुसरा नाहीच, असं नसतं."
दुपारी भगताला कणकण. तो म्हणतो, एसीमुळे.
डेस्कवरून बातमी मागताहेत. 'परदेशातून आलेला' लिहिलं, खोडलं. 'बाहेरून आलेला' लिहिलं. तेही खोडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बातमी गेली नाही.

१४ फेब्रु.
पुण्याहून काही नाही. पवनच्या नाकातलं रक्त थांबलंय, ताप नाही.
वहिनींचा फोन, त्यांच्या खोलीतून. "सारे प्लास्टिकात गुंडाळून येतेत, कोन बोलून राह्यलं तेबी समजत नाही. भाऊजी, तुमी शिकलेले. एक डाव नीट सांगा, बाहेरचं हाये का नाही?"
हो म्हणावं तर पुन्हा अंगारा मागवतील. नाही म्हणावं तर पवनच्या खोलीत जाऊन बसतील.
"वहिनी..."
"हाव, बोला ना. आयकून राह्यली मी."